विमान वळतं कसं, तोल कसा राखतं आणि पावसात उतरतं कसं: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपीचं विमानतळ सुरू झालं आणि तेव्हापासून गावाकडून मला येणारे फोन, मेसेज बदललेच. आधी लोक विचारायचे की विमान कंपनीत नोकरी कशी लागते, आता विचारतात पंख का हलतो, हादरे का बसतात, खाली येऊन परत वर का गेलं. मी पायलट नाही, विमानांच्या मेन्टेनन्समध्ये तीसेक वर्षं काढली, म्हणजे पायलट ज्या तारा आणि फळ्या हलवतो त्या हाताने तपासून कागदावर सही करणारा माणूस. परत परत येणारे प्रश्न इथे एका जागी लिहिलेत. कुठलंही उत्तर एकटं वाचलं तरी कळेल, जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय.

१. पिच, रोल, यॉ ही काय भानगड आहे? सोप्या भाषेत सांगा.

होडीत बसलेल्या माणसाला हे तिन्ही आधीच माहीत असतात, फक्त नावं माहीत नसतात. समोरून लाट आली की होडीचं तोंड वर-खाली होतं तो पिच, बाजूने लाट आली की होडी डावी-उजवी कलते तो रोल, आणि तोंड डावीकडे-उजवीकडे फिरतं तो यॉ. विमानाच्याही ह्याच तीन हालचाली आणि प्रत्येकीसाठी वेगळी हलणारी फळी. पिचसाठी शेपटीच्या आडव्या पंखाला मागे जोडलेला एलिव्हेटर, रोलसाठी मुख्य पंखांच्या टोकाजवळचे दोन एलेरॉन (एक वर गेला की दुसरा खाली जातो), आणि यॉसाठी उभ्या शेपटीच्या मागचा रडर. हातातला दांडा पुढे-मागे केला की एलिव्हेटर, डावी-उजवीकडे केला की एलेरॉन, रडर मात्र पायाने.

२. म्हणजे रडर हेच विमानाचं सुकाणू ना? त्यानेच वळत असेल.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरून सगळ्यात जास्त येतो आणि चूक होणं अगदी साहजिक आहे, कारण होडी सुकाणूनेच वळते. विमान मात्र कलून वळतं. पंख वरच्या दिशेने जो जोर देतात त्याला लिफ्ट म्हणतात, विमान डावीकडे कललं की हा जोर पण थोडा डावीकडे झुकतो आणि तोच विमानाला डावीकडे ओढत नेतो. नुसता रडर दाबला तर नाक फिरेल पण विमान बरंचसं आधीच्याच दिशेने घसरत राहील, ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरावी तसं, आणि आतल्या माणसांना एका बाजूला ढकलल्यासारखं वाटेल.

मग रडर कशाला? एक म्हणजे वळताना ज्या बाजूचा एलेरॉन खाली जातो तो पंख जास्त लिफ्ट देतो पण हवेचा विरोधही जास्त घेतो, त्यामुळे नाक वळणाच्या उलट्या दिशेला ओढलं जातं, ते सरळ ठेवायला थोडा रडर लागतो. दुसरं, एक इंजिन बंद पडलं तर विमान त्या बाजूला फिरायला बघतं, तेव्हा रडरच त्याला धरून ठेवतो आणि दोन इंजिनांच्या विमानाची उभी शेपटी एवढी मोठी असण्याचं हे एक मुख्य कारण. तिसरं आडव्या वाऱ्यात उतरताना, त्यासाठी प्रश्न १६ बघा.

कलण्याची किंमत पण असते. ६० अंश कलून उंची न सोडता वळलं तर पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो. प्रवासी विमान साधारण २५ ते ३० अंशांपुढे कलत नाही आणि ३० अंशांना भार फक्त १५ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणून खिडकीतून समुद्र उभा दिसला तरी मांडीवरची पर्स जागची हलत नाही.

३. उतरताना पंखाच्या मागून पत्रे बाहेर येतात आणि घरघर आवाज होतो, काही मोडलं का?

माझी काकू पहिल्यांदा बसली तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अरे, तो पंख मोडता की काय रे?" ते फ्लॅप. पंख मागून लांब आणि खाली वाकडा झाला की कमी स्पीडला पण पुरेशी लिफ्ट मिळते, म्हणून उतरताना ते पायरी-पायरीने बाहेर काढतात. आवाज फ्लॅप चालवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचा आणि बदललेल्या हवेचा. त्याच वेळेला खालून धडक्यासारखा आवाज येतो तो चाकं बाहेर येऊन लॉक झाल्याचा.

जेट विमानात चाकं टेकली की पंखावरचे पत्रे ताडकन उभे राहतात, ते स्पॉइलर. ते लिफ्ट मारून टाकतात, सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक पकडतात. आपल्याकडे येणारं एटीआर पंख्याचं विमान आहे, त्यात उतरल्यावर पंख्याच्या पात्यांचा कोन फिरवून उलटा जोर घेतात, म्हणून तिथे तो मोठा घूऊऊ आवाज येतो.

४. ट्रिम म्हणजे काय?

समजा होडीत बर्फाची पेटी नाळेकडे ठेवली आणि तोंड जड झालं. वल्हवणारा सतत जोर लावून ते सावरत बसत नाही, पेटी मागे सरकवतो. ट्रिम म्हणजे तेच काम, फक्त पेटी न हलवता. पायलट एक छोटं चाक किंवा बटण फिरवतो, त्याने एलिव्हेटरच्या मागची लहान फळी (मोठ्या जेटमध्ये अख्खी आडवी शेपटीच) जराशी हलते आणि दांड्यावर येणारा जोर शून्य होतो. फ्लॅप काढले, इंजिनची पॉवर बदलली, इंधन संपत गेलं की ट्रिम परत बदलावा लागतो. चांगला पायलट दांडा दोन बोटांनी धरतो तो ट्रिम नीट असल्यामुळे.

५. पायलटने हात सोडला तर विमान पडेल का?

नाही. आणि हे एकदा मनापासून समजून घ्या म्हणजे निम्मी भीती जाते.

स्थिरता म्हणजे धक्का बसल्यावर आपणहून पूर्वीच्या जागी यायची प्रवृत्ती. देवळावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आठवा, त्याची शेपटी मोठी असते म्हणून कसाही फिरवला तरी तोंड वाऱ्याकडेच येतं. विमानाची उभी शेपटी नाकाला असंच सरळ ठेवते आणि आडवी शेपटी नाक वर गेलं की खाली, खाली गेलं की वर आणते. म्हणून हवेच्या झोतात विमान उसळलं की जे परत बसतं त्यातलं बरंचसं काम कोणी करत नसतो, विमानाची घडणच ते करते.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे. परत यायची प्रवृत्ती असणं वेगळं आणि परत येऊन तिथे शांत होणं वेगळं. झोपाळा सोडला तर मध्यावर येतो पण पुढे पण जातो, हळूहळू थांबतो. विमान पण धक्क्यानंतर नाक वर-खाली करत मोठ्या संथ लाटा घेऊ शकतं, त्याला फ्युगॉइड म्हणतात. शेपटी डावी-उजवी आणि पंख वर-खाली असं एकदम डोलणं म्हणजे डच रोल, ते शमवायला यॉ डॅम्पर नावाचं यंत्र रडर आपोआप हलवत असतं. तुम्ही मागच्या सीटवर बसलात तर हे डोलणं जास्त जाणवतं. मधे, पंखाजवळ, सगळ्यात कमी.

६. मग जितकं जास्त स्थिर तितकं विमान चांगलं का?

तसं नाही. फार स्थिर विमान वळवायला जड होतं, दर वेळी जुन्या जागी यायला बघतं. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला जे पहिलं उड्डाण केलं, १२ सेकंद, १२० फूट, ते विमान मुळात अस्थिर होतं, सतत सावरावं लागायचं, पण त्यांनी ते ताब्यात ठेवायची पद्धत शोधली आणि तीच खरी मोठी गोष्ट होती. आपलं तेजस हे लढाऊ विमान तर मुद्दाम अस्थिर बनवलंय म्हणजे ते चपळ राहतं, त्याचा तोल चार चॅनेलचे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला सांभाळतात. प्रवासी विमानाला चपळाई नको, त्याला शांतपणा हवा.

७. पंख वर असलेल्या विमानात खालचा भाग लोंबकळतो म्हणून ते जास्त स्थिर असतं, खरं का?

एटीआर आणि रत्नागिरीला कोस्ट गार्डचं जे डॉर्नियर दिसतं, दोघांचे पंख वर आहेत, म्हणून हा प्रश्न येतो. परिणाम खरा आहे, कारण चुकीचं. होडीचा तोल तळाच्या वजनाने आणि पाण्याच्या उचलण्याने राहतो, विमानाला तसं काही लोंबकळून धरत नाही. खरं असं की विमान एका बाजूला कलून घसरायला लागलं की वारा त्या बाजूने येतो, विमानाच्या पोटाला अडून वर वळतो आणि खाली गेलेल्या पंखाला मुळाशी खालून उचलतो. एअरबस ए३२० सारख्या खाली पंख असलेल्या विमानात हे उलट होतं म्हणून त्यांचे पंख टोकाकडे वर उचललेले असतात, त्याला डायहेड्रल म्हणतात. पुढच्या वेळेला समोरून बघा, लगेच दिसेल.

८. विमान अर्धं रिकामं असताना पण "तुमच्याच सीटवर बसा" का म्हणतात? आणि उभ्या विमानाच्या शेपटीखाली तो दांडा कसला?

दोन्हीचं उत्तर एकच, वजनाचा मध्य, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. प्रश्न ५ मधली स्थिरता हा मध्य ठरलेल्या हद्दीत असला तरच मिळते. तो फार पुढे गेला तर नाक उचलायला एलिव्हेटर पुरत नाही, फार मागे गेला तर विमान हाताला हलकं, चंचल लागतं आणि हद्दीच्या मागे गेला तर सावरणं अशक्य होऊ शकतं. म्हणून उडण्याआधी कुठल्या भागात किती माणसं, पुढे किती सामान, मागे किती, ह्याचा हिशोब कागदावर होतो. दहा जण पुढच्या रांगांतून उठून मागे गेले तर तो हिशोब खोटा होतो, छोट्या विमानात तर नक्कीच.

एटीआरमध्ये माणसं मागच्या दाराने चढतात आणि सामानाचं दार पुढे आहे. सगळे एकदम मागून चढत असताना शेपटी खाली बसू नये म्हणून तो टेकू लावतात. निघण्याआधी तो काढलाय की नाही हे बघणं कोणाचं तरी ठरलेलं काम असतं.

९. स्टॉल झालं म्हणजे इंजिन बंद पडलं ना?

नाही, गाडी स्टॉल होते तो अर्थ इथे घेऊ नका. विमानाचा स्टॉल पंखाचा असतो. पंख समोरच्या हवेशी जो कोन करतो त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. तो वाढवत नेला की लिफ्ट वाढते, पण साधारण १५ अंशांच्या आसपास हवा पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहायची थांबते, फाटते, आणि लिफ्ट एकदम कमी होते. इंजिन फुल चालू असताना पण हे होऊ शकतं. उपाय म्हणजे नाक खाली करून कोन कमी करणं, पॉवर त्यानंतर. घाबरलेला माणूस दांडा मागे ओढतो आणि तेच नेमकं चुकीचं असतं, म्हणून स्टॉल जवळ आला की दांडा जोरात थरथरतो, त्याला स्टिक शेकर म्हणतात, आणि एटीआरमध्ये पुढची पायरी म्हणजे यंत्र स्वतः दांडा पुढे ढकलतं.

१०. सकाळचं विमान शांत उतरतं, दुपारचं हादरत उतरतं. खरंच फरक असतो की मनाचे खेळ?

खरंच असतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. पहाटे जमीन थंड, हवा स्थिर. दुपारपर्यंत सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, काळा कातळ तापतो, त्यावरची हवा वर उसळते आणि समुद्राकडून खारा वारा जोरात आत घुसतो. समुद्रावरून आलेलं विमान शांत हवेतून एकदम ह्या उसळत्या हवेत येतं, शिवाय सड्याच्या कडेला वारा आपटून वर चढतो आणि पलीकडे खाली उतरतो, म्हणून शेवटच्या मिनिटात दोन-तीन धक्के बसतात. विमान ह्यापेक्षा कितीतरी जास्त भारासाठी बनवलेलं असतं. तुम्ही पट्टा घट्ट बांधा, बस्स.

११. धावपट्टीवर २७, २६ असे मोठे आकडे का असतात?

तो होकायंत्राचा आकडा, शेवटचं शून्य काढून. मुंबईची २७ म्हणजे त्या पट्टीवर उतरताना तोंड साधारण २७० अंशांना, पश्चिमेकडे. दाबोळीची २६ म्हणजे साधारण २६०. तीच पट्टी उलट्या बाजूने ०९ आणि ०८ होते, फरक कायम १८ चा. कोणत्या बाजूने उतरायचं हे वारा ठरवतो, समोरून वारा घेऊन उतरलं की जमिनीवरचा स्पीड कमी होतो. हवेतला स्पीड ११० नॉट आणि समोरून २० चा वारा असेल तर जमिनीवर ९० च, म्हणजे पट्टी कमी लागते.

१२. नॉट म्हणजे तेच का जे ट्रॉलरवाले म्हणतात? आणि ३ अंशाने उतरतं म्हणजे किती उतार?

हो, तेच. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. ३ अंशांचा उतार म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला साधारण ३०० फूट, घाटातल्या रस्त्यापेक्षा पण सपाट. पायलट लोकांचा एक तोंडी हिशोब आहे, जमिनीवरच्या स्पीडला ५ ने गुणा, मिनिटाला किती फूट उतरायचं ते मिळतं. १२० नॉट असेल तर ६०० फूट.

१३. आयएलएस, आयएलएस म्हणतात ते नक्की काय? ढगात काहीच दिसत नसताना पट्टी कशी सापडते?

आपले मच्छीमार खाडीच्या तोंडातून आत येताना काय करतात ते आठवा. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचं एखादं झाड एका रेषेत धरतात, कळस झाडाच्या डावीकडे सरकला की समजतं आपण रेषा सोडली. आयएलएस म्हणजे हीच रेषा, पण रेडिओची.

त्यात दोन भाग. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, त्याचा अँटेना पट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो. ग्लाइड स्लोप वर-खाली सांगतो, त्याचा खांब पट्टीच्या बाजूला, जिथे चाकं टेकायची त्याच्या जवळ. लोकलायझर दोन सूर सोडतो, ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ. येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मध्यरेषेच्या डावीकडे ९० चा सूर जास्त मिळतो, उजवीकडे १५० चा, आणि दोन्ही सारखे मिळाले की काटा मधे. ग्लाइड स्लोपचं पण तसंच, वर ९० जास्त, खाली १५० जास्त. म्हणजे पायलटला दोन काटे मधे धरून ठेवायचे, ढग असो की रात्र.

दोन अडचणी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अँटेनाच्या पुढ्यात ट्रक किंवा दुसरं विमान उभं राहिलं तर लाटा त्यावर आपटून काटा खोटं बोलू शकतो, म्हणून ती जागा मोकळी ठेवतात. आणि ग्लाइड स्लोपला खऱ्या ३ अंशांच्या वर, ९ अंशांच्या आसपास, खोटा उतार पण मिळतो. म्हणूनच विमान आधी खाली, ठरलेल्या उंचीवर येतं आणि उताराला खालून पकडतं.

१४. पट्टीच्या बाजूला चार लाल-पांढरे दिवे दिसतात ते कसले?

पॅपी. बहुतेक ठिकाणी डावीकडे असतात. प्रत्येक दिव्याचा वरचा झोत पांढरा आणि खालचा लाल, आणि चारही दिवे थोड्या थोड्या वेगळ्या कोनात लावलेले. दोन पांढरे दोन लाल दिसले म्हणजे ३ अंशांवर आहात, चारही लाल म्हणजे धोकादायक खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर. कुठलाही काटा न बघता नुसत्या डोळ्यांनी उतार कळतो ही ह्या दिव्यांची गंमत, आणि मला तर विमानतळावरच्या सगळ्या यंत्रांत हेच सगळ्यात सुंदर वाटतं. पण ढगातून दिसत नाही, त्यामुळे हे प्रश्न १३ च्या ऐवजी नाही, त्याच्या पुढचं पाऊल आहे.

१५. मुंबईत धो धो पावसात विमानं उतरतात, मग छोट्या विमानतळावर जरा ढग आले की माघारी का जातात?

कारण प्रत्येक पट्टीच्या प्रत्येक पद्धतीला एक ठरलेली हद्द असते, तिला मिनिमा म्हणतात, आणि ती लेखी छापलेली असते. साध्या, कॅटेगरी एक आयएलएसला पट्टीपासून २०० फुटांपर्यंत खाली येता येतं आणि पट्टीवर ५५० मीटर दिसावं लागतं. दिल्लीच्या धुक्यासाठी कॅटेगरी तीन वापरतात, ती त्याहून खूप खाली जाते. जिथे आयएलएस नसतो तिथे व्हीओआर सारख्या बीकनवरून (जमिनीवरून नुसती दिशा सांगणारं रेडिओ यंत्र) येतात, त्यात वर-खाली सांगणारा काटा नसतो म्हणून हद्द बऱ्याचदा ४००-५०० फूट किंवा त्याहून वर. आणि नुसत्या डोळ्यांवर उतरायचं असेल तर ५ किलोमीटर दिसायला हवं, जे जुलैतल्या सरीत मिळणं कठीण.

म्हणजे पायलट तोच, विमान तेच, पण जमिनीवरची मदत वेगळी म्हणून निर्णय वेगळा. ह्यावर नवीन उपाय येतोय. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून गगन ही उपग्रह यंत्रणा उभी केली, ती जीपीएसची चूक सुधारून विमानाला उतार पण दाखवते, जमिनीवर अँटेना न लावता. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगढला एक एटीआर गगनवर उतरवून दाखवलं. आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या पट्ट्यांसाठी मला ह्यात खूप आशा दिसते.

१६. आडव्या वाऱ्यात विमान तिरकं तिरकं येताना दिसतं, पायलटचा अंदाज चुकतो का?

खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, ओहोटीच्या वेळेला बघा. तरीवाला होडीचं तोंड समोरच्या धक्क्यावर धरत नाही, प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरतो आणि होडी तिरकी दिसत बरोब्बर धक्क्याला लागते. विमान तेच करतं, त्याला क्रॅब म्हणतात, कुर्ली तिरकी चालते तशी चाल. चाकं टेकायच्या क्षणी पायलट रडरने नाक पट्टीच्या सरळ रेषेत आणतो आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरतो म्हणजे विमान वाहून जात नाही. किती आडवा वारा चालेल ह्याची प्रत्येक विमानाला हद्द असते, ओली पट्टी असेल तर ती आणखी कमी.

१७. पावसात विमान आपटल्यासारखं उतरलं. पायलट नवशिका होता का?

उलट असण्याची शक्यता जास्त. पट्टीवर पाणी साचलं असेल तर अलगद टेकलेलं चाक पाण्याच्या थरावर तरंगू शकतं, त्याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात, मग ब्रेक पण नाही आणि दिशा पण नाही. टायरमध्ये १०० पीएसआय हवा असेल तर साधारण ९० नॉटच्या वर हा धोका असतो. पाणी फोडून चाक डांबराला लावायचं तर जरा दणकाच द्यावा लागतो. शिवाय अलगद टेकवायच्या नादात विमान जमिनीलगत तरंगत राहतं आणि पट्टी मागे निघून जाते. पावसाळ्यात ठरलेल्या जागी दणकन टेकलेलं विमान हे चांगलं लँडिंग.

१८. पट्टी दिसत होती, चाकं टेकायलाच आली होती आणि विमान परत वर गेलं. खूप घाबरलो. काय झालं होतं?

ह्याला गो-अराउंड म्हणतात आणि ह्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

उतरताना विमान ठरलेल्या उंचीपर्यंत, ढगात १००० फूट आणि स्वच्छ हवेत साधारण ५०० फूट, पूर्ण तयार असायला हवं. स्पीड बरोबर, उतार बरोबर, चाकं-फ्लॅप बाहेर, पट्टी सरळ समोर. ह्यातलं एक जरी नसेल, किंवा पट्टीवर कुत्रा आला, आधीचं विमान अजून निघालं नाही, वारा एकदम फिरला, तर पायलट पॉवर देतो, नाक उचलतो, फ्लॅप एक पायरी आत, वर चढायला लागलं की चाकं आत. हे सगळं पाठ असतं, सिम्युलेटरवर परत परत घोटलेलं. तुम्हाला जो पाठीला दाब आणि मोठा आवाज जाणवतो तो ह्याचा. इंधन पण त्या हिशोबाने भरलेलं असतं, दुसऱ्या विमानतळावर जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं.

आता हे न केल्याने काय होतं तेही ह्याच पश्चिम किनाऱ्यावर आपण बघितलंय. मंगळूर, २२ मे २०१०, १५८ माणसं गेली. कोळिकोड, ७ ऑगस्ट २०२०, भर पावसात, २१ गेले. दोन्ही चौकशी अहवालांत सारखी गोष्ट आहे, उतरणं नीट जमलेलं नव्हतं, शेजारच्या पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं आणि तरी उतरवलं गेलं.

एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी स्वतः गावाला येत होतो. दोनदा खाली आलो, खिडकीतून माड दिसले, ओली लाल माती दिसली आणि दोन्ही वेळेला विमान परत वर गेलं, शेवटी मुंबईला परत. लोक चिडले, माझ्या शेजारच्या वहिनी रडायला लागल्या, मांडीवर मखराचं सामान होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की वहिनी, पुढे बसलेल्या माणसालाही घर आहे आणि त्याने आत्ता आपल्या सगळ्यांना घरी न्यायचं तेच काम केलंय. रात्रीची बस धरून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, आरती चुकली.

१९. सड्यावरची पट्टी धोक्याची असते का? बाजूला उतार असतो ना.

कोळिकोड आणि मंगळूरला टेबलटॉप म्हणतात, पठार कापून केलेली पट्टी, टोकाला खोल उतार. चिपीचं विमानतळ पण सड्यावर आहे, पट्टी २५०० मीटर, जी एटीआरच्या गरजेपेक्षा बरीच जास्त आहे. पट्टी संपल्यावर पुढे आणखी मोकळी, सपाट जागा ठेवावी लागते, तिला रेसा म्हणतात, आंतरराष्ट्रीय नियमात किमान ९० मीटर आणि शिफारस २४० मीटरची. सड्याने एक फसगत मात्र होते, खालची जमीन अचानक वर येते त्यामुळे डोळ्याला उंचीचा अंदाज चुकू शकतो, तिथे प्रश्न १४ चे दिवे फार कामाला येतात. बाकी धोका पट्टीत कमी आणि प्रश्न १८ मधल्या हट्टात जास्त.

२०. पावसाळ्यात हवेचा दाब कमी होतो, मग विमानाचा उंचीचा काटा चुकत नाही का?

छान प्रश्न, एका बारावीच्या मुलीने विचारलेला. चुकतो, सेट केला नाही तर. काटा मुळात दाबमापकच आहे. दाब १०१३ हेक्टोपास्कल धरून ठेवला आणि प्रत्यक्षात पावसाळी १००३ असेल तर प्रत्येक हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट ह्या हिशोबाने काटा २८० फूट जास्त दाखवेल, म्हणजे विमान समजतं त्यापेक्षा २८० फूट खाली. प्रश्न १५ मधली २०० फुटांची हद्द आठवा म्हणजे ह्याचं गांभीर्य कळेल. म्हणून उतरण्याआधी टॉवरवरून ताजा दाब, ज्याला क्यूएनएच म्हणतात, सांगितला जातो, पायलट तो परत म्हणून दाखवतो आणि दोन्ही पायलट आपापल्या काट्यावर लावतात.

२१. ऑटोपायलटच उतरवतो ना सगळं?

नाही. बहुतेक लँडिंग हातानेच होतात. आपोआप उतरायला चांगल्या दर्जाचा आयएलएस, तशी सोय असलेलं विमान आणि तसं ट्रेनिंग घेतलेले पायलट लागतात. एटीआरमध्ये आपोआप टेकायची सोय नाही, ऑटोपायलट खाली आणून देतो, शेवटचं पायलटच्या हातात.

२२. निघायच्या आधी उभ्या उभ्या पंखाच्या फळ्या का हलवतात?

सगळ्या फळ्या पूर्ण आणि मोकळ्या हलतात की नाही ते बघायला. उभ्या विमानाच्या फळ्या वाऱ्याने आपटू नयेत म्हणून आतून लॉक केलेल्या असतात, तो लॉक काढलाय ना हे पण ह्यातच कळतं.

माझं स्वतःचं काम ह्याच्या मागचं. एटीआरमध्ये दांड्यापासून एलेरॉनपर्यंत खऱ्या स्टीलच्या तारा आणि दांडे जातात. तारेचा ताण एका चिमट्यासारख्या मापकाने मोजतात आणि तापमानाच्या तक्त्याशी जुळवतात, कारण ॲल्युमिनियमचं शरीर उन्हात स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं आणि तारा आपोआप ताणल्या जातात. किनाऱ्यावर खारी हवा असते म्हणून तारेवर फडकं फिरवून बघायचं, एखादा तंतू तुटलेला असेल तर फडक्याला अडकतो. एकदा अडकला होता. त्या दिवशी विमान गेलं नाही, तार बदलली, संध्याकाळी गेलं.

तुम्ही खिडकीत, पंखाजवळ बसला असाल तर निघायच्या जरा आधी पंखाच्या टोकाकडे बघत राहा. फळी पूर्ण वर जाईल, मग पूर्ण खाली, मग मधे येऊन थांबेल. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतल्या माणसाला त्याच वेळेला बरोबर उलटं दिसत असतं.